रंग वाळला का?

रंगाऱ्याने वही मिटली, पेन्सिल खिशात टाकली आणि बाईंना सांगून टाकलं, "पुढच्या रविवारपासून मी येणार नाही."

प्रौढांचा धर्मवर्ग नुकताच सुटला होता. बाकीचे खुर्च्या एकावर एक रचून निघून गेले होते. उंच खिडकीतून दुपारचं पिवळं ऊन उतरलं होतं आणि त्यात खडूची धूळ तरंगत होती. अर्धवट झोपेत दिसावी तशी ती खोली दिसत होती.

"सहा रविवार झाले बाई, हिब्रू अक्षरं डोक्यावरून जातात," तो म्हणाला. "मी साठीचा घोडा. इतरांच्या घरी निदान एखादी प्रार्थना तरी होती. आपण ज्यू आहोत हे मला कळलं, ते बाबा गेल्यावर. एका जुन्या दाखल्यावरून! त्यांनी मला रंगकाम शिकवलं, बस्. बाकी काही म्हणजे काही दिलं नाही. राग येतो हो त्यांचा."

निवृत्त शिक्षिका त्या. मनधरणी करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "बरं," म्हणाल्या आणि फळा पुसू लागल्या.

थोडं तरी थांबवतील, असं त्याला वाटलं होतं. तो हिरमुसून दाराशी गेला. बाहेर पडता पडता त्याचा हात आपसूक चौकटीकडे वळला. तिथे खांद्याच्या उंचीवर बोटभर लांबीची पितळी डबी तिरकी बसवलेली होती. बोटं तिला लागली आणि तशीच तोंडाजवळ आली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"हे होय? बाबांची खोड, मला लागली. घरात येता-जाता चौकटीला बोट लावायचे. लहानपणी विचारलं, तर म्हणाले, रंग वाळला का बघतोय. मग बोट तोंडाशी न्यायचे. ओल्या रंगाला वास असतो म्हणे." तो हसला.

बाई हसल्या नाहीत. डस्टर हातातच राहिलं होतं.

"या डबीला मेझुझा म्हणतात. आत चामड्याच्या तुकड्यावर वचनं लिहिलेली असतात. आपली माणसं येता-जाता तिला बोटं लावतात आणि ती बोटं ओठांना टेकवतात." त्यांनी डस्टर खाली ठेवलं. "हा धडा मी पुढच्या रविवारी घेणार होते."

तो घरी कसा पोहोचला, त्याचं त्यालाच कळलं नाही. पाय ओळखीच्या रस्त्याने चालत राहिले. दुतर्फा त्याने आणि बाबांनी मिळून रंगवलेली दारं होती, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक दारापाशी त्याला बाबांची पाठ दिसत होती, रंगाचे शिंतोडे उडालेल्या सदऱ्यातली. हाक मारली तर वळून बघतील, असं वाटत होतं.

घराच्या दारात तो थांबला. आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीत खिळ्यांची दोन भोकं होती, एक वर, एक खाली, जरा तिरकी. लोकांच्या भिंतीतलं सुईएवढं भोकही बाबा पुट्टीने बुजवत. ही दोन मात्र त्यांनी कधी भरू दिली नाहीत. "असू दे," म्हणायचे. दोन भोकांच्या मधे लाकडावर बोटभर फिकट पट्टी होती, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. इथली डबी कधी काढली असेल त्यांनी? कुणाच्या भीतीने? त्याने पट्टीवर बोट ठेवलं. राग शोधून पाहिला, सापडला नाही.

आतून बायको म्हणाली, "सोडला का एकदाचा तो वर्ग? मग आता तरी त्या चौकटीचं मनावर घ्या."

"वर्ग नाही सोडला."

"मग दारात काय करताय असे?"

"रंग वाळला का बघतोय," सवयीने तो बोलून गेला.

बायकोला हसू आवरेना. "कुठला रंग? त्या चौकटीला बाबांनी जन्मात कधी ब्रश तरी लावू दिला का?"