गंज चढण्याआधी

हॉलिसने रिव्हॉल्व्हर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलं. नळी काळीकुट्ट झाली होती आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटला होता.

"हे काय करून आणलंस?" लोरीन म्हणाली. "नेलंस तेव्हा चकचकीत होतं."

"आत्ताच खडीच्या खाणीत पाच गोळ्या उडवल्या. तपासणीचा भाग." शेरीफचा डेप्युटी हॉलिस पेटी याने हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "हे परत मिळाल्याच्या सहीचा कागद ऑफिसात राहिला. सकाळी घेऊन येतो. तोवर जसं आहे तसं राहू दे, हलवूसुद्धा नकोस."

लोरीनने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. तिचा नवरा बर्ल आणि हा हॉलिस वीस वर्षं एकाच क्लबात ठासणीची रिव्हॉल्व्हरं चालवायचे. दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्याची नवी नक्कल, पण रीत जुनीच. चक्राच्या एकेका घरात बंदुकीची काळी दारू मोजून घालायची, शिशाची गोळी ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. इतकं मोजूनमापून काम करणारा माणूस कागद विसरतो, हे काही लोरीनला पटेना.

तीन आठवड्यांपूर्वी बर्लची रिकामी होडी नदीत खाली, पुलापाशी अडकलेली सापडली. बर्ल सापडला नाही. आदल्या संध्याकाळी घराकडून गोळीचा आवाज ऐकल्याचं शेजारणीने चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं, आणि तेव्हापासून बायका लोरीनच्या बाकावर बसेनाशा झाल्या. नवऱ्याला मारून नदीत लोटलं, असा आळ एकदा आला की उरलेला जन्म तुरुंगात. तिला हॉलिसची भीती वाटत होती, आणि ती दिसू नये म्हणून ती फटकून बोलत होती.

"पुन्हा एकदा सांग," हॉलिस म्हणाला. "गोळी कोणी उडवली?"

"बर्लने. कोंबड्यांवर घार घिरट्या घालत होती. किती वेळा तेच तेच वदवून घेशील?"

"आणि लगेच होडी घेऊन निघाला."

"लगेच. डोकं ठिकाणावर होतं का त्याचं? आरागिरणीच्या मुकादमाचा हात मोडून बसला होता, पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख."

"मग हे धुतलं कोणी?" हॉलिसने रिव्हॉल्व्हरकडे मान वळवली. "दुसऱ्या दिवशी मी नेलं तेव्हा आरशासारखं होतं. पाणी उकळा, सुटं करा, साबणाने घासा, भट्टीत वाळवा, चरबी लावा. तासभर तरी जातो."

लोरीनचा हात कॉफीच्या किटलीवर थबकला.

"मला काय विचारतोस? मी जन्मात त्याला बोट लावलेलं नाही. बर्लने लावू दिलं असतं होय? मला अंगठी घालायला त्याला चार वर्षं लागली, पण ह्याला चरबी चोपडायला एक दिवस चुकला नाही."

हॉलिस हसला. "खरंय. बायको रुसली तर आठवडा निभतो, पण रिव्हॉल्व्हर रात्रभर काळं राहिलं तर सकाळी गंजतं, असं म्हणायचा. सवयच ती. एकदा लागली की हात शिवशिवतात." त्याने कप पुढे केला. "आणखी आहे?"

"संपली."

"सकाळपासून एवढी किटली? एकटीने?"

"झोप येत नाही, मग काय करू?"

हॅट घालून हॉलिस निघाला. दाराशी थांबून त्याने पुन्हा बजावलं, "हात लावू नकोस हं."

गाडीचा आवाज विरल्यावर लोरीनच्या डोक्यात प्रकाश पडला. कागद वगैरे सगळा बहाणा. हा सापळा होता. सकाळी रिव्हॉल्व्हर स्वच्छ दिसलं की हॉलिस म्हणणार, बोट लावत नाहीस ना, मग ही सवय कुणाची? त्या दिवशीही तूच धुतलंस. तिला त्याचा संताप आला आणि थोडं हसूही. मांजरीला दूध दाखवून पकडायला निघाला होता, पण मांजर दूध पीतच नव्हती.

तिने रिव्हॉल्व्हरला हात लावला नाही. वर फडकंसुद्धा टाकलं नाही. वासाने मात्र डोकं उठलं. खिडक्या उघडल्या तरी वारा नव्हता. वास खोल्याखोल्यांतून फिरला, वर माळ्यापर्यंत गेला. तिने नेहमीच्या मोठ्या पातेल्यात घेवडा शिजवला, मक्याचा पाव भट्टीत भाजला, आणि दिवेलागणीलाच अंथरुणावर पडली. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

जाग आली ती दारावरच्या थापेने. उन्हं वर आली होती. केस सारखे करत लोरीन दाराकडे गेली तेव्हा तिला जरा मजाच वाटत होती. नळीवर तांबडा गंज बघून हॉलिसचं तोंड कसं होतं, ते तिला बघायचं होतं.

"ये," ती म्हणाली. "जसं ठेवून गेलास तसंच आहे."

हॉलिस तिच्यामागून स्वयंपाकघरात आला.

भट्टीचं दार किलकिलं होतं, आणि आतून अजून ऊब येत होती. टेबलावर नवं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. त्यावर रिव्हॉल्व्हर लखलखत होतं.

लोरीनने खुर्ची घट्ट धरली.

हॉलिसने ते उचललं, नाकाशी नेलं. चरबी आणि मेण. त्याने चक्र एकदा फिरवून पाहिलं आणि हलक्या हाताने परत ठेवलं.

"मी हात लावला नाही," लोरीन म्हणाली. "देवाशपथ, हॉलिस. मी नाही लावला."

"माहितीये मला," हॉलिस म्हणाला.

त्याने किटली चुलीवर चढवली. फळीवरून तीन कप काढून टेबलावर मांडले. मग मान वर करून माळ्याकडे बघत हाक मारली, "बर्ल, ये खाली. तुझ्या हातचं काम आहे ते, मी कुठेही ओळखीन."