पुतळ्याची गोळी

नर्सिंग कॉलेजात सरावासाठी पलंगावर एआयवर चालणारा एक बोलका पुतळा होता. मॅडमनी एआयला सगळं नीट समजावून पुतळ्यात असा हट्टी म्हातारा उभा केला, की भल्याभल्या विद्यार्थिनींनी हात टेकले. बीपीची गोळी पुढे केली की पुतळा खेकसायचा, "मला काय धाड भरलीय?"

शेवटी वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी पुढे झाली. "आजोबा, गोळीचं राहू द्या. दिवसभर एकट्याला करमतं का तुम्हाला?"

पुतळा जो बोलत सुटला, तो थांबेचना. मग म्हणाला, "आण ती गोळी."

मॅडमनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

कॉलेज सुटल्यावर मात्र तिला जिन्यात गाठून त्या हळूच म्हणाल्या, "अगं, जरा माझ्या घरी येशील? हे आजोबा मी आमच्या सासऱ्यांवरूनच बेतलेत."