नाव-पत्त्यासह प्रार्थना

"नाव-पत्त्यासह लिही. मोघम प्रार्थना देवाला कळते, पण लोकांना भिडत नाही," स्थलांतरित साहाय्य समितीचे अध्यक्ष दुमिंगकाका मला म्हणाले. कागदपत्रे नसलेल्या परदेशी लोकांना परत पाठवण्याचा नवा नियम आला होता आणि वसईतल्या आमच्या चर्चला करुणेचे भरते आले होते.

तीन दिवस मी एकेक शब्द पारखून घेतला. रविवारच्या मिस्सेत तो मजकूर मी ध्वनिक्षेपकावरून वाचला. बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला. "श्रीलंकेतल्या जाफन्याहून जीव वाचवून आलेला आमचा बंधू अरुळदास, सुतार, राहणार तलावाशेजारची चाळ, खोली चार, याच्याजवळ एकही कागद नाही. त्याला पोलिसांच्या दृष्टीआड ठेव."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सारे चर्च गहिवरून म्हणाले.

"काय भाषा आहे रे तुझी!" काकांनी माझी पाठ थोपटली.

मंगळवारी पोलीस आले. त्यांना कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. अरुळदासला ते घेऊन गेले. बायको आणि मुलगी तेवढ्या वेळात दळणाला गेल्या होत्या, म्हणून राहिल्या.

संध्याकाळी आम्ही सांत्वनाला गेलो, तेव्हा त्याची बायको भांडी गोणीत भरत होती.

"धीर सोडू नकोस, बाय," काका म्हणाले. "येत्या रविवारी तुम्हा दोघींसाठीही खास प्रार्थना ठेवली आहे."

तिने मुलीला चटकन पदराआड ओढले.

"पाया पडते, काका. आमच्याविषयी आता देवालाही काही सांगू नका."