बिलकिस धाडला कोणाकडं जाते

बिलकिसनं डब्याचं झाकण दाबून बसवलं, तेव्हा जहांगीर दारातच उभा होता.

"कोणाले?"

"धाडच्या फुफीले," ती म्हणाली. "बिमार हाय म्हणलं नं तुम्हाले."

"मागच्या बाजारीबी बिमारच होती."

"बुढं माणूस हाय." तिनं ओढणी डोक्यावर घेतली. पोपटी, नवी. "भाकर झाकून ठेवली. जेवून घ्याजा."

डब्यातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. तीच भाजी घरात त्याच्यापुढं आली की मातीसारखी लागायची. दुसऱ्यासाठी करताना बाईच्या हाताला वेगळी चव येत असेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

ती गेली. थोड्या वेळानं फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि त्याच्या हातातला चहा सांडला. काय दशा केली या बाईनं आपली, तो पुटपुटला.

त्याच्या हिशोबानं सगळं धाड गावच्या या फेऱ्यांनी बिघडवलं होतं. झोप गेली होती, दाढी वाढली होती. भांडं पडलं तरी तो ओरडत उठायचा, म्हणून शाळेतून आलेली मलिहा दप्तरसुद्धा हळूच टेकवायची. जीपचा धंदा त्यानं बंद केला होता. घर बिलकिसच्या शिलाईवर चालायचं. बायकोपायी जीव असा जळत असताना माणसानं काम करायचं तरी कसं?

लहानपणचा दोस्त वकार मागच्या आठवड्यात येऊन गेला. खाटेच्या कडेवर बसून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला.

"भाभीची फुफी तं दिवाळीपासून जालन्याले हाय बे. लेकाकडे."

जहांगीर खाटेवर उठून बसला.

"धाडच्या बाजाराच्या मागं एक पत्र्याचं घर हाय," वकार म्हणाला. "भाभी तिथं जाते. एकटाच माणूस राह्यते."

"कोण?"

वकारनं चपला पायात घातल्या. "मले नोको विचारू. तूच जाऊन पाह्य."

आज जहांगीर निघाला. सडकेनं नाही, शेताशेतानं. सडकेवर ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं, म्हणून. तुरीच्या ओळींतून चालताना थंडीतही त्याचा सदरा भिजला. वाटेत दोनदा तो माघारी वळला. दोन्ही वेळा ती पोपटी ओढणी डोळ्यांपुढं आली आणि त्याला पुढं घेऊन गेली.

पत्र्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. काट्यांच्या कुंपणाआडून त्यानं पाहिलं. बिलकिस पायरीवर बसली होती, बाजूला डबा. समोर बाजेवर एक माणूस, पाठमोरा.

बिलकिस रडत होती. ओढणीत तोंड खुपसून, खांदे हलवत.

जहांगीरसमोर ती कित्येक महिन्यांत रडली नव्हती. इथं ती हसत असती, तर त्यानं एक वेळ सोसलं असतं. पण आपलं रडणं तिनं घरातून लपवून या परक्या अंगणात आणलं होतं.

त्या माणसानं पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. तिनं घेतला.

जहांगीरनं फाटकाला लाथ घातली. धावत जाऊन मागून त्या माणसाची कॉलर धरली आणि त्याला बाजेवरून ओढलं.

"कधीपासून चालू हाय हे? आँ?"

"मलिहाचे अब्बा, सोडा त्यायले!" बिलकिस किंचाळली.

माणूस वळला. जहांगीरनं त्याचा चेहरा पाहिला आणि त्याचे हात आपोआप खाली आले. तो होता तिथंच, मातीत बसला.

त्या माणसानं कॉलर सारखी केली नाही. तो बिलकिसला म्हणाला, "पाणी दे बाई त्याले." मग तोही जहांगीरसमोर खाली बसला.

"ओळखलं नं? मी गोविंदा. पूनमचा घरवाला. त्या दिवशी तिले तुह्या जीपमधी मीच बसवलं होतं. पुढच्या सीटवर, तुह्या बाजूले."

बिलकिसनं तांब्या जहांगीरपुढं ठेवला.

"तुही बायको पहिल्यांदा आली तं मी दार लावून घेतलं. तरी आली. दर बाजारी येऊन राह्यली. डबा ठेवते, रडते, आन् एकच मागते. मले जमतच नव्हतं." गोविंदानं डब्याकडं पाहिलं. "म्हणते, भाऊ, एकदा माह्या घरी चाला. माह्या माणसाले तुमच्या तोंडानं सांगा, का ट्रकवाला अंगावर आला, पूनमले तू नाही मारलं."