पिंजऱ्याचा मागचा कप्पा

“पळा रं पळा! पिंजऱ्यात मानूस हाय!”

बजरंगाची आरोळी ऐकली तेव्हा गोरक्षनाथ ओट्यावर मशेरी लावत बसला होता. तसाच काळ्या तोंडानं तो उसाकडं धावला. मागोमाग सगळी वस्ती धावली. बिबट्या सापडला की वाजवायचे म्हणून आणून ठेवलेले फटाकेसुद्धा कुणीतरी बरोबर घेतले होते.

पिंजऱ्याचं पुढचं मोठं दार उघडंच होतं. मागच्या कप्प्यात, जिथं शेळी बांधतात तिथं, अंग आवळून एक बाई बसली होती. मांडीवर शेळीचं डोकं. बाईनं मान वर केली आणि गोरक्षनाथाच्या पायाखालची जमीनच सरकली. सविता! त्याची बायको! सकाळी ती घरात दिसली नव्हती, तेव्हा हा गडी म्हणाला होता, असंल गोठ्यात.

ही शेळी तिथं आली कशी, ते आधी सांगायला हवं. महिन्यामागं बिबट्यानं ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोपीसमोरून एक लेकरू उचललं. पुणतांब्याजवळच्या त्या वस्तीचं धाबं दणाणलं. दिवस मावळला की दारं बंद. फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा आणून ठेवला. पुढच्या कप्प्यात बिबट्यानं शिरायचं, मागच्यात शेळीनं ओरडायचं, मध्ये लोखंडी गज. पण शेळी द्यायची कुणी? बैठकीत जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला. आमचा गोरक्षनाथ शाळा समितीचा अध्यक्ष. बोलायची भारी हौस. तो उठून म्हणाला, “एका जिवावर धा जीव वाचत असतील, तर त्यात कसलं आलंय पाप? न देनं हेच पाप!” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या तोऱ्यातच घरी येऊन त्यानं सविताची गाभण शेळी दावणीची सोडली.

सविता दारात आडवी झाली होती. “आवो, समोर काळ उभा राहिल्यावर तिचं काळीज फुटंल.”

“मधी गज हायेत की. तिला कुठं काय होतंय?” गोरक्षनाथ हसला होता. “म्हनं शेळीचं काळीज!”

नंतर रोज शेळी रात्रभर ओरडायची. बिबट्या काही फिरकला नाही. सविताच्या डोळ्याला मात्र डोळा लागत नव्हता.

“तिला सोडवाया गेल्ते,” गजाआडून सविता सांगत होती. आवाज पार बसला होता. “मागल्या दारानं आत शिरले, आन् उसात खसफसलं. दार आतून वढून घेतलं, दाव्यानं बांधलं. मग तो आला. रातभर हितंच फिरला. नुसता माज्याकडं बघत हुता.” तिनं शेळीच्या मानेवरून हात फिरवला. “ही कवाच गेली. नख बी लागलं न्हाई तिला.”

पिंजऱ्याभोवती ओल्या मातीत ठसेच ठसे. बायांनी तोंडाला पदर लावले. गोरक्षनाथाला तर भडभडून आलं. आपल्या हातानं आपण ही शेळी इथं आणून बांधली. त्या टाळ्यांची त्याला शिसारी आली. तो मागच्या छोट्या दाराशी गुडघ्यावर बसला आणि गजातून हात घालून गाठ सोडायला लागला.

“चुकलं माजं, सविता. चल घरी. आता कुनाची शेळी न्हाई आन् काय न्हाई.”

तिचं तोंड जरा निवळलं. गाठ सुटली. दार बोटभर उघडलं.

तेवढ्यात वस्तीतले जाणते हनुमंत आबा पुढच्या दाराशी वाकले. बराच वेळ ठसे न्याहाळत राहिले.

“इतके दिस शेळी बांधली, जनावर फिरकलं न्हाई,” आबा हळू म्हणाले. “काल मानूस दिसलं, तर रातभर हितनं हललं न्हाई. हे बगा, पुढला पाय आत टाकला हुता. थोडक्यात हुकला.”

“मंग?” बजरंगानं विचारलं.

“मंग काय? आज तो परत येनार.”

आबांनी सविताकडं बघितलंही नाही. ते गोरक्षनाथाकडं वळले, आणि अगदी मायेनं, आर्जवानं म्हणाले, “अध्यक्ष, आजची एकच रात. फॉरेस्टवाल्यांना सांगायची बी गरज न्हाई. मधी गज हायेत की. वैनींना कुठं काय होतंय?”

आबांना कुणीतरी गप्प करेल, असं गोरक्षनाथाला वाटलं. कुणी केलं नाही. एका बाईनं आपलं लेकरू कडेवर घेतलं, तेवढंच. मागून कुणीतरी पुटपुटलं, “लेकराबाळांची वस्ती हाय.”

तुमची जीभ झडो, असं ओरडायला गोरक्षनाथानं तोंड उघडलं. ओरडणारच होता तो. पण त्याची नजर त्या कडेवरच्या लेकरावर गेली. तिथून बजरंगाच्या जुळ्यांवर. तिथून शाळेला निघालेल्या पोरींवर. एक, दोन, चार... देवा, हे काय चाललंय आपल्या डोक्यात? तो स्वतःलाच भ्याला. पण तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि दारावरचा हात थांबला.

सवितानं तो थांबलेला हात पाहिला.

“लांब ऱ्हावा,” ती म्हणाली. आणि रात्री केलं होतं तसंच तिनं दार आतून ओढून घेतलं, दावं पुन्हा करकचून बांधलं.