स्तावरोस कुठे उतरला?

ट्रामचं दार मिटलं आणि देस्पिनाला स्तावरोस कुठेच दिसेना.

प्रेस्टनच्या बाजारातून दोघं बरोबर निघाले होते. मांडीवरच्या पिशवीत पाव होता, ऑलिव्ह होते. "खिडकीशी बस," असं तो आत्ताच तर म्हणाला होता. मग गेला कुठे? तिनं वळून पाहिलं. मागे पडत चाललेल्या फुटपाथवर निळ्या कोटातला एक माणूस झपाझप चालला होता.

"थांबवा हो!" ती ओरडली. "माझा नवरा खाली राहिला!"

कुणी मान वर केली नाही. समोरचा दाढीवाला पोरगा गुडघ्यावर ताल धरून बसला होता. त्याच्यापलीकडची बाई स्वतःशीच हसत होती. ज्याचे त्याचे कान बंद. ड्रायव्हर काचेच्या आड.

तिच्याच बाकावर, शेजारी एक टकला म्हातारा डोळे मिटून बसला होता, कानांवर हे मोठाले हेडफोन. या वयात हे खूळ! देस्पिनानं त्याची बाही ओढली.

"अहो, तुम्ही तरी उठा. ड्रायव्हरला सांगा ना!"

म्हाताऱ्यानं डोळे उघडले नाहीत. खिशात हात घालून त्यानं आवाज तेवढा वाढवला.

देस्पिनाला रडू फुटलं. एवढं मोठं मेलबर्न, आणि स्तावरोसला इंग्रजी धड येत नाही. कुणाला विचारणार, काय विचारणार?

दाराजवळ उभ्या असलेल्या एका मुलीचं लक्ष गेलं. तिनं हेडफोन गळ्यात ओढले आणि ती जवळ आली.

"काय झालं, आजी?"

"माझा नवरा मागे राहिला गं. उंच आहे. काळी दाट मिशी, निळा कोट."

"त्यांचा फोन नंबर सांगा, मी लावते."

"फोन घरी आहे. त्याला दुपारच्या पाळीला जायचंय. उशीर झाला की मुकादम सगळ्यांदेखत बोलतो त्याला."

मुलीनं घंटीचं बटण दाबलं.

"रडू नका. मी येते बरोबर. उतरून मागे जाऊ, शोधू त्यांना."

देस्पिना पिशवी सावरत उठली. पण म्हातारा वाट अडवून बसलेला. गुडघे हलवायला तयार नाही.

"काका, सरका की!" मुलीचा आवाज चढला. ऐकू जाईना म्हणून तिनं त्याचा खांदा गदागदा हलवला. "माणूस आहात की दगड? शेजारी बाई केव्हाची रडतेय!"

ट्राम थांबली. दार उघडलं. म्हाताऱ्यानं हेडफोन सावकाश काढले. त्याचे डोळे लालभडक होते.

"तिला इथं उतरवू नकोस, पोरी," तो म्हणाला. "आमचं घर अजून पुढं आहे. स्तावरोस मीच."