वारा सरला का?

"वारा सरला का, आजोबा?" सिस्टरने पुन्हा विचारलं.

"नाही," सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून सगळं घर त्या एका वाऱ्याकडे डोळे लावून बसलं होतं. तो सरला की आतडी कामाला लागली, मग घोटभर पाणी मिळणार. आज संध्याकाळपर्यंत नाही सरला, तर नाकातून नळी. नळीचं नुसतं नाव काढलं तरी म्हाताऱ्याचे डोळे भरून यायचे.

सिस्टर गेली. सून स्टूल ओढून जवळ बसली.

"सूनबाई, जरा खालून पेपर आणतेस?"

पेपर तर उशाशीच होता. तिने नीट पाहिलं. गुडघे आवळलेले, कपाळावर घाम. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वारा येत होता हो, हेच दाबून धरत होते. का, तर सून समोर बसलीय. तिला राग आला आणि भरूनही आलं. बाहेर जावं, तर त्यांना एकटं सोडायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद, आणि नवरा यायचा संध्याकाळी.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने वर्गातला आवाज काढला.

"बाबा, परवा पोरांनी विचारलं, पोटातला गॅस कशाचा असतो? म्हटलं, बरीचशी आपणच गिळलेली हवा, म्हणजे नायट्रोजन. मग कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन, कुणाकुणाला मिथेन. ज्याच्यापायी एवढी बदनामी, तो गंधकाचा अंश शंभरात एक भागसुद्धा नसतो."

"असं होय," सासरे म्हणाले. गुडघे होते तिथेच.

नुसतं सांगून पोरांच्याही डोक्यात शिरत नाही, प्रयोग करून दाखवावा लागतो. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं, कानापर्यंत लाल झाली, आणि दाखवला. चांगला खणखणीत.

मग खाट हलायला लागली. सासरे टाक्यांवर उशी दाबून हसत होते, "अगं बाई, अगं बाई" करत होते, आणि हसता हसता त्यांचाही वारा सुटला.

सिस्टर दार ढकलून आत आली. "सरला ना? पण मला तर बाहेर दोनदा ऐकू आलं."

सुनेने मान खाली घातली.

"दोनदाच," सासरे म्हणाले. "दोन्ही माझेच."